राजाचा षड्भाग आणि चोराचा माग

परद्रव्य विषासमान मानावे, हा उपदेश आपल्या संप्रदायात इतका रुळला आहे की त्यावर बोलावयास उभे राहिले म्हणजे अर्धी सभा पुढचे वाक्य आधीच म्हणून मोकळी होते. चोरी करू नये, लाच घेऊ नये, दुसऱ्याच्या ठेवीला हात लावू नये, याविषयी वाद नाही. चोरदेखील याला मान डोलावतो. म्हणून त्या विषयावर आम्ही येथे अधिक शाई खर्च करीत नाही. आमचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. चोरी होऊन गेल्यावर चोराचा माग काढावयास पैसा लागतो, माणसे लागतात, वर्षे लागतात. तो खर्च कोणी करावा? किती करावा? आणि हाती लागणाऱ्या मालापेक्षा खर्चच अधिक होतो असे दिसू लागले, तर सरकारने हात आखडता घ्यावा की काय? वरवर पाहता हा प्रश्न कचेरीतला, अंदाजपत्रकातला. पण जरा खोल उतरून पाहिले तर तो धर्माचा प्रश्न आहे. आणि आमच्या भागात तर तो घराघरात शिरून बसला आहे.

आमच्या गंगापूर तालुक्याचेच पाहा. एका अंगाला गोदामाई, दुसऱ्या अंगाला वाळूजचे कारखाने, आणि तालुक्यातून गेलेला समृद्धी महामार्ग. हा मार्ग २०२२ च्या डिसेंबरात नागपूरपासून शिर्डीपर्यंत खुला झाला. पण त्याच्या कितीतरी आधी त्याच्यासाठी जमिनी गेल्या. शेजारच्या पैठण तालुक्यात बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीसाठीही गेल्या. पिढ्यान्‌पिढ्या काळ्या आईवर जगलेल्या माणसाच्या हाती एकदम लाखांनी रुपये आले. जमीन होती तोवर तिला कोणी उचलून नेत नव्हते. तिचे पैसे झाले आणि तिला पाय फुटले. ‘तीस-तीस’ नावाने गाजलेल्या गुंतवणुकीच्या योजनेत अशा कितीतरी शेतकऱ्यांनी मोबदल्याची रक्कम भरली, आणि २०२२ च्या जानेवारीत बिडकीनच्या पोलीस ठाण्यात फसवणुकीची फिर्याद नोंदवावी लागली. पुढे जुलै २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या आदर्श नागरी सहकारी पतसंस्थेत सुमारे २०० कोटी रुपयांच्या अपहाराचा गुन्हा नोंदला गेला, आणि ठेवीदार पावत्या हातात घेऊन रस्त्यावर आले. त्याच सुमारास बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटचे दरवाजे ठेवीदारांना बंद झाले. बारा ते चौदा टक्के व्याजाच्या आशेने मराठवाडाभरच्या लोकांनी तेथे ठेवी ठेवल्या होत्या. या सर्व प्रकरणांत दोषी कोण, हे न्यायालये ठरवितील. ते आमचे काम नव्हे. पण ज्यांचे पैसे अडकले त्यांचे डोळे आम्ही कीर्तनाच्या समोरच्या रांगेत रोज पाहतो, आणि ते आमचे काम आहे.

एका गावी सप्ताहात काल्याचे कीर्तन आटोपल्यावर एक वयस्क बाई पुढे आल्या. त्यांनी नातीच्या लग्नासाठी कुठल्याशा पतसंस्थेत पैसे ठेवले होते. त्या म्हणाल्या, “महाराज, चोर तर धरला म्हणत्यात. मग पैका का सापडंना?” आम्ही जन्मभर न्याय-व्याकरण घोकले, पण एवढा नेमका प्रश्न आम्हाला कोणा शास्त्र्याने विचारला नाही. चोर धरणे वेगळे आणि धन धरणे वेगळे. चोर माणूस आहे, तो एका जागी असतो, बेडी घातली की थांबतो. धन थांबत नाही.

ते कसे पळते हे थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय खर्चाची गोष्ट समजणार नाही. जुना चोर भिंतीला खिंडार पाडून येई. आताचा पुढच्या दाराने येतो, सभासद होतो, संचालक होतो. मग आपल्या नातलगांच्या, नोकरांच्या नावाने कर्ज काढतो. तारण नसते, किंवा असते ते दसपट किंमत लावलेले खडकाळ रान असते. ती रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, तेथून एखाद्या कंपनीत, आणि तेथून तिसऱ्याच्या नावे घेतलेल्या जमिनीत जाते. प्रत्येक पायरीला कागद असतो, सही असते, शिक्का असतो. हा माग उघडा पडलेला असतो, पण तो वाचणारा हवा. मारामारी, दरोडा, यात्रेचा बंदोबस्त यात उभा जन्म घालविलेल्या फौजदाराच्या पुढे तुम्ही पतसंस्थेच्या दहा वर्षांच्या खतावण्या टाकल्या, तर त्या बिचाऱ्याने करावे काय? त्याला हिशेबतपासनीस पाहिजे, यंत्रातली पुसलेली नोंद काढणारा जाणता पाहिजे, आणि या कामाखेरीज दुसऱ्या कामाला न जुंपलेली माणसे पाहिजेत.

इतके करून मालमत्ता सापडली तरी ती लगेच पैसा होत नाही. आपल्या राज्यात ठेवीदारांच्या रक्षणासाठी १९९९ चा कायदा आहे. लोक त्याला ‘एमपीआयडी’ म्हणतात. त्याप्रमाणे सरकार मालमत्तेवर टाच आणते, एक सक्षम अधिकारी नेमते, विशेष न्यायालय ती टाच कायम करते, मग लिलाव, आणि मग ठेवीदारांना ज्याच्या त्याच्या ठेवीच्या प्रमाणात वाटप. कायदा चांगला आहे. परंतु हा सक्षम अधिकारी बहुधा महसूल खात्यातला असतो. त्याच्याच अंगावर निवडणूक, अतिवृष्टीचे पंचनामे, भूसंपादन, हे सारे. मोजणी, मूल्यांकन, वकील, नोटिसा, टाच आणलेल्या इमारतीवर पहारा, या प्रत्येकाला पैसा लागतो. तो वेळेवर मिळाला नाही की इमारतीची दारे-खिडक्या जातात, रानात कोणी नांगर घालतो, आणि लिलावाला घेणारा फिरकत नाही. ठेवीदार तारखा मोजत म्हातारा होतो. म्हणजे एकदा चोराने लुटले, आणि दुसऱ्यांदा दिरंगाईने लुटले. पहिल्या लुटीची शिक्षा कायद्यात आहे. दुसरीची कोणत्या ग्रंथात शोधावी?

आता शास्त्र काय म्हणते ते पाहू. धर्मशास्त्राप्रमाणे राजाने प्रजेच्या उत्पन्नाचा सहावा भाग घ्यावा. हा षड्भाग त्याला का? तो राजाच्या पोटी जन्मला म्हणून नव्हे. तो प्रजेचे रक्षण करतो, त्या रक्षणाचे ते वेतन आहे. म्हणून मनु म्हणतो की रक्षण करणाऱ्या राजाला प्रजेच्या पुण्याचाही सहावा वाटा मिळतो, आणि न करणाऱ्याला तिच्या पापाचा सहावा वाटा लागतो. गौतम आणि याज्ञवल्क्य याहून पुढे जातात. चोरीला गेलेले द्रव्य राजाने प्रजेला परत मिळवून दिले पाहिजे, हे त्या दोघांचेही मत. आणि ते सापडलेच नाही तर भांडारातून भरून द्यावे, असे गौतम स्पष्ट सांगतो. कौटिल्यासारखा पैशाला चिकट राजकारणीही हेच सांगतो. तेव्हा सिद्धान्त असा निघतो की चोराचा माग काढण्याचा खर्च ही सरकारची मेहेरबानी नव्हे. कर ज्या दिवशी घेतला त्याच दिवशी ते देणे सरकारच्या अंगावर चढले. सावकाराने व्याज घ्यावे आणि वर ‘मुद्दल देऊन मी उपकार केला’ म्हणावे, तसे सरकारला म्हणता येत नाही.

मग सरकारने सारी भरपाईच तिजोरीतून करावी असे आम्ही म्हणतो काय? नाही. आजची तिजोरी राजाची नाही, ती सर्वांची आहे. तीत मजुराने काडेपेटीवर भरलेला करही आहे. लुटणाऱ्याने लुटावे आणि भरून मात्र मजुराने द्यावे, हा न्याय नव्हे. शिवाय भरपाई हमखास मिळते म्हटल्यावर संचालक अधिकच मोकाट होतील. पण यातूनच आमचे म्हणणे बळकट होते. जो राजा भरपाईच्या धर्मातून सुटू पाहतो, त्याच्यावर शोधाचा धर्म दुप्पट चढतो. भरून देत नाहीस, बरे. निदान माग तरी काढ!

माग हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. आपल्या जुन्या गावगाड्यात जागल्या होता. चोरी झाली की त्याने पावलांचा माग काढीत जावे, आणि माग दुसऱ्या गावाच्या शिवेत शिरला की त्या गावच्या जागल्याच्या हवाली करावा. मग जबाबदारी त्या गावाची. या कामाबद्दल त्याला खळ्यावर धान्य मिळे. आता विचार करा, ज्या वर्षी गावात चोरी झाली नाही, त्या वर्षी त्याचे धान्य गावाने बंद केले काय? किंवा सापडलेल्या दागिन्यातला एक मणी काढून घे, तेच तुझे वेतन, असे सांगितले काय? तसे केले असते तर जागल्या श्रीमंताच्या चोरीमागे धावला असता आणि गरिबाचे कोंबडे गेले तर झोपून राहिला असता. गावाला हे कळत होते. मंत्रालयातल्या शहाण्यांना ते कळणे अवघड जाऊ नये.

पण अवघड जाते खरे. ‘या शाखेवर इतके खर्च केले, सरकारजमा किती झाले?’ असा हिशेब मांडला जातो. हा हिशेबच उलटा आहे. सापडलेला पैसा ठेवीदाराचा आहे, त्याच्या घरी जायचा आहे. तिजोरीच्या वहीत जमेला तो कधीच दिसणार नाही, खर्च मात्र दिसेल. विहिरीच्या मोटेला पाणी शेतात गेले म्हणून ‘विहिरीला काय मिळाले’ असे कोणी विचारीत नाही.

आणि जेथे सरकारने मनावर घेऊन माणूस व पैका लावला, तेथे धन परत येते, हेही आपण पाहिले आहे. अंमलबजावणी संचालनालयाने किमान २२,२८० कोटी रुपयांची मालमत्ता मूळ हक्कदारांना परत मिळवून दिली, असे अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. त्यांपैकी १४,१३१ कोटींहून अधिक रक्कम विजय मल्ल्या प्रकरणातली, आणि ती सरकारी बँकांना गेली. चांगलेच झाले, बँकांचा पैसाही शेवटी लोकांचाच. ज्ञानराधा प्रकरणातही याच खात्याने २०२४ मध्ये सुमारे १,००० कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली आहे. पण येथे समदृष्टीचा प्रश्न उभा राहतो. बँकेच्या हजारो कोटींसाठी दिल्लीची यंत्रणा सातासमुद्रापलीकडे जाते. आणि लासूरच्या बाजारात भाजी विकून जमविलेल्या चाळीस हजारांसाठी जिल्ह्याच्या शाखेत खतावणी वाचणारा माणूस नसावा? ज्याच्याकडे एकच भाकरी, त्याची भाकरी गेली तर त्याचे सर्वस्व गेले. धर्माच्या तराजूत रकमेचे वजन होत नाही, गेल्यानंतर जे उरते त्याचे होते.

येथे तीन शंका नेहमी निघतात. त्यांचा परामर्श घेऊ.

पहिली शंका: हे ठेवीदार लोभीच होते, जास्त व्याजाला भुलले, भोगोत आपल्या कर्माची फळे. त्यांच्यासाठी सार्वजनिक पैसा का वेचावा? यावर आमचे उत्तर असे. महिन्याला पाच-दहा टक्के देतो म्हणणाऱ्याच्या मागे जो धावला, त्याला आम्ही कीर्तनात रागे भरू, आणि भरतोही. पण साध्या पतसंस्थेत सरकारच्या नोंदणीचा शिक्का पाहून ज्या विधवेने ठेव ठेवली, तिने लोभ कसला केला? तिने त्या शिक्क्यावर विश्वास ठेवला. आणि लोभी असला तरी काय? पथ्य मोडले म्हणून वैद्य रोग्याला दाराबाहेर काढीत नाही. औषध देतो आणि मग दोन शब्द सुनावतो. लोभ हा दोष आहे, चोरी हा अपराध आहे. दोषाचे निमित्त करून अपराध्याला सोडून देणे, यात फक्त चोराचेच कल्याण आहे.

दुसरी शंका जास्त वजनाची आहे. राज्यापुढे दुष्काळ आहे, शाळा आहेत, पिण्याचे पाणी आहे. उपाशी लेकराच्या तोंडचा घास काढून हिशेबतपासनिसाला द्यावा काय? आम्ही विचारतो, फाटक्या मोटेने पाणी काढणारा शेतकरी काय करतो? बैलजोडी वाढवतो की आधी मोटेला ठिगळ लावतो? शाळेच्या इमारतीचे, पाण्याच्या टाकीचे, रस्त्याच्या खडीचे पैसे मधल्या मध्ये गळत असतील, तर त्या कामांना वाढवून दिलेला प्रत्येक रुपया त्याच भोकातून जाणार. लाचलुचपत आणि अपहार शोधणारे खाते हे त्या मोटेचे ठिगळ आहे. ठिगळाला चामडे लागते, हे खरे. पण ते पाण्याच्या विरुद्ध नाही, पाण्यासाठीच आहे.

शिवाय सारा भार गरिबाच्या करावर घालण्याचेही कारण नाही. १९६० मध्ये आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातली पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा देश हादरला, आणि १ जानेवारी १९६२ पासून बँकांतल्या ठेवींचा विमा सुरू झाला. त्याचा हप्ता बँकांनी भरायचा. तेव्हा १,५०० रुपयांपर्यंत संरक्षण होते, २०२० पासून ते ५ लाखांपर्यंत आहे. हे संरक्षण बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पतसंस्थेला नाही. हा भेद आमच्या वाचकांनी घरी गेल्यावर प्रत्येकाला सांगावा. ज्याने दुकान मांडले त्याने पहाऱ्याची पट्टी द्यावी, हाच न्याय शोधाच्या खर्चालाही लावता येतो. ब्रिटनमध्ये २०२२ पासून बँका, हिशेबतपासनीस, वकील अशा ज्यांच्या हातून काळा पैसा वाहू शकतो, त्यांतल्या मोठ्यांवर आर्थिक गुन्ह्यांच्या प्रतिकारासाठी वेगळी पट्टी बसविली आहे. तेच ब्रिटन जप्तीतून सरकारला मिळालेल्या पैशाचा निम्मा हिस्सा शोध घेणाऱ्या खात्यांनाही देते. यातले पहिले आम्हाला पटते, दुसरे पटत नाही. ज्याला सावजातला वाटा मिळतो तो शिकारी लठ्ठ सावजच शोधणार. कौटिल्यानेही अपहाराची खबर सिद्ध करणाऱ्याला सहावा हिस्सा देऊ केला आहे. पण खबर देणारा राजाचा पगारी सेवक असेल तर निम्माच, म्हणजे बारावा. पगार घेणाऱ्याला वाट्याची चटक फार लागू नये, हे त्याला उमगले होते.

तिसरी शंका: जागल्याच चोर निघाला तर? कौटिल्याने अपहाराच्या चाळीस तऱ्हा मोजल्या आहेत, आणि पाण्यात फिरणारा मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसा अधिकारी पैसा केव्हा खातो हे कळत नाही, अशा अर्थाचा दृष्टान्त दिला आहे. ही भीती खोटी नाही. पण म्हणून जागल्याच नको, हा त्यावरचा उपाय नव्हे. हाँगकाँगमध्ये पोलीसच लाचखोरीने पोखरले होते, तेव्हा १९७४ मध्ये तेथे पोलिसांपासून अलग असे स्वतंत्र लाचविरोधी मंडळ उभारले गेले. शोध करणाऱ्याची पिशवी ज्याच्या कमरेला, त्याच्या वाड्याकडे माग वळला की पिशवीची गाठ आवळली जाते. म्हणून ही तरतूद वर्षावर्षाच्या लहरीवर नसावी, आणि तिचा हिशेब चावडीवर लागावा. जिल्ह्यात फिर्यादी किती आल्या, टाच किती मालमत्तेवर, लिलाव कितींचा झाला, ठेवीदाराच्या हाती किती पडले, आणि या साऱ्याला खर्च किती झाला, हे पाच आकडे दरसाल गावोगाव वाचून दाखवावेत.

हिशेबाची ही आवड आपल्याला परकी नाही. येथून जवळच देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या सेवेत असताना नाथमहाराज एका पैच्या चुकीसाठी रात्रभर जागले आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजविली, अशी कथा परंपरेने सांगतात. आपण ती एकाग्रतेचा दृष्टान्त म्हणून सांगतो. पण ती पै कोणाची होती, हेही पाहावे. ती सरकारी खात्यातली, म्हणजे परक्याची पै होती, म्हणून झोप आली नाही. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथाही तशीच. दुष्काळात सरकारी कोठार उघडून त्यांनी लोक जगविले. यापरते पुण्य कोणते? तरीही विठू होऊन गेलेल्या देवाने बेदरच्या दरबारात मोहरा मोजून दिल्या आणि वर पावती घेतली! पुण्यकर्मासाठी उचललेला सरकारी पैसाही देवाने बिनहिशेबी ठेवला नाही. मग पापासाठी उचललेला कोणी बिनहिशेबी कसा सोडावा?

तेव्हा वाचकहो, आपल्याकडून इतके व्हावे. ठेव ठेवण्याआधी ही बँक की पतसंस्था, हे विचारावे. पावती जपावी. फसलो असे कळताच लाजून घरी न बसता लेखी फिर्याद द्यावी. तुमच्या लाजेवरच चोराची अर्धी मिळकत उभी असते. आणि मत मागावयास जो कोणी येईल, त्याला मंदिराच्या सभामंडपासाठी किती देणार, हे विचारण्याआधी, आमच्या जिल्ह्यात खतावणी वाचणारी माणसे किती नेमणार आणि त्यांचा पगार कोठून देणार, हे विचारावे. सभामंडप आपण वर्गणीने बांधू. चोराचा माग वर्गणीने निघत नाही. त्यासाठीच तर आपण षड्भाग दिलेला आहे.